फेरमोजणी

साडेदहाला फोन वाजला तेव्हा तो खुर्चीच्या चाकात गुंतलेला दोरा ओढून काढत होता. पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या प्रोग्रामनं माझा एक ठिपका खाल्ला." तो हसला. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण वाकलेल्या माणसाला बेसावध गाठलं की तो एक तर चिडतो नाही तर हसतो, आणि चिडणं त्यानं पन्नाशीनंतर सोडून दिलं होतं. "हसू नका," बाई म्हणाल्या. त्या हॉस्पिटलात छातीचे स्कॅन वाचायच्या, दिवसाला साठ-सत्तर, आणि फोनवरही रिपोर्ट लिहिल्यासारखं तुटक बोलायच्या. "बस कंडक्टर आहे. उजवं फुप्फुस, वरचा भाग. तुम्ही साफ केलेल्या चित्रात काही नाही. काल चुकून मूळ चित्र उघडलं गेलं, तर तिथं ठिपका. अर्ध्या वाटाण्याएवढा." तो म्हणाला, "खरखर असेल एखादे वेळी." "खरखर दोन्ही स्कॅनमध्ये एकाच जागी येते होय?" "दोन्ही म्हणजे?" "दोनदा काढलाय त्याचा. बघा आणि सांगा." फोन बंद झाला. दोऱ्याचं टोक त्याच्या बोटांत होतं. काळा, जाड दोरा. कुणाच्या तरी पिशवीचा असावा. 'दोनदा' हा शब्द कानात राहिला होता, आणि का राहिला ते कळत नव्हतं. त्यानं दोरा टोपलीत टाकला, खुर्ची पुढेमागे करून बघितली. चाक आता नीट फिरत होतं.

तो डॉक्टर नव्हता. हॉस्पिटलात कुणी डॉक्टर म्हणून हाक मारली तर तो मागे वळून बघायचा. त्याचं काम एवढंच, की माणसाच्या अंगावर किरण कमी पडावेत म्हणून मशीनची ताकद उतरवली की चित्रावर दाणे दाणे येतात, ते पुसायचे. खरखर तेवढी काढायची आणि खरं ते ठेवायचं. डॉक्टर मग ते स्वच्छ चित्र वाचत. मूळ चित्र साठवणीत पडून राही, त्याला कुणी हात लावत नसे. धुतलेले कपडे घडी करून समोर ठेवल्यावर मळक्यांचा ढीग कोण उपसत बसतं? आणि गंमत अशी, की हा प्रोग्राम छातीसाठी लिहिलेलाच नव्हता. तो लिहिला होता जमिनीसाठी, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, भूगर्भाची मोजणी करणाऱ्या एका कचेरीत, जिथं खिडकीबाहेर कायम सिमेंटच्या गाड्या उभ्या असत. पुढं ती कचेरी बंद पडली, तो हॉस्पिटलांसाठी काम करणाऱ्या कंपनीत आला, आणि येताना जुना प्रोग्राम बरोबर घेऊन आला. जमीन काय नि छाती काय, दोन्हीकडे न फोडता आत बघायचं, असं तो नव्या साहेबांना म्हणाला होता. साहेबांना ते वाक्य इतकं आवडलं, की पुढं दोन वर्षं ते जातील तिथं स्वतःचं म्हणून सांगत होते.

कुठं घोडं पेंड खातंय ते शोधायला त्याला दुपार झाली. एकेक नियम बंद करून कंडक्टरचं चित्र चालवून बघायचं, असं काम. चौदा नियम होते. नववा बंद केला आणि ठिपका उभा राहिला, जणू एवढा वेळ दाराआड उभा होता. नववा नियम दोन ओळींचा होता. एकाच जागेची नोंद दोनदा आली असेल तर ती बेभरवशाची धरा. आजूबाजूचं जास्त माना आणि ती सपाट करा. त्याखाली त्याच्या नावाची दोन अक्षरं आणि एक जुनं साल. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. तो त्या दोन अक्षरांकडे बराच वेळ बघत बसला. वाईट वाटावं असं अजून काही झालं नव्हतं, म्हणून त्याला वाईट वाटत नव्हतं. त्याच वेळी जुन्या कचेरीत चार टेबलं पलीकडे बसणारा एक वाळका माणूस त्याला डोळ्यांपुढं दिसायला लागला.

त्या माणसाला सगळे फेरमोजे म्हणत. खरं आडनाव पगाराच्या कागदापलीकडे कुणाला माहीत नव्हतं. तो मापणीवाला. जमिनीची ओढ मोजणारं यंत्र लाकडी पेटीत घालून, ती पेटी तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून तो माळावर फिरायचा. जिथं खाली पोकळ असेल तिथं जमीन वस्तूला केसभर कमी ओढते. तेवढा केसभर फरक पकडायचा, दर वीस पावलांवर, पायाखालचा दगड हलू न देता, श्वास रोखून. बाकीचे मापणीवाले एका जागी एकदा मोजत आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सावलीला येत. फेरमोजे मात्र मधेच एखाद्या जागी पेटी पुन्हा उघडून बसायचे. दोनदा. कधी तीनदा. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "खटकलं." बस्स, एवढंच. त्यांच्यामुळे गाडी थांबायची, ड्रायव्हर शिव्या घालायचा, आणि कचेरीत त्यांच्या नोंदी भरणाऱ्याला एका जागेपुढं तीन आकडे कुठं बसवायचे ते कळायचं नाही. नोंदी भरणारा आपला हाच. त्याला दोन हजार आकड्यांतून खोटे आकडे वेगळे काढणारा नियम हवा होता, आणि सव्विसाव्या वर्षी डोकं जोरात चालतं. त्यानं विचार केला, माणूस परत कधी मोजतो? यंत्र बिघडलं की. म्हणजे जिथं परत मोजलंय, तिथला आकडा कच्चा. किती सरळ! त्या दिवशी तो शीळ घालत घरी गेला होता. फेरमोजे चार टेबलं पलीकडे बसून डबा खात होते. उठून विचारायचं तर दहा पावलं पडली असती. त्याला ते सुचलंच नाही. आकड्यांबद्दल आकडे आणणाऱ्याला काय विचारायचं, अशी तेव्हा त्याची समजूत होती.

पाण्याची मोठी टाकी बांधायची होती. अहवाल वाचायला बैठक भरली, त्यात जागा भक्कम निघाली होती. फेरमोजे कोपऱ्यातून म्हणाले, "ईशान्येच्या अंगाला खाली पोकळ आहे. मी तीनदा मोजलंय." आणि हा म्हणाला, सगळ्यांसमोर, हसत हसत, "तीनदा मोजावं लागलं, म्हणजेच भरवसा नाही ना, काका." टेबलाभोवती हशा झाला. फेरमोज्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. "बरं," म्हणाले. टाकी बांधली गेली, भरली गेली, आणि दोन वर्षांनी ईशान्येकडे वीतभर कलली. कुणी मेलं नाही. रिकामी केली आणि तशीच ठेवली. जमीन लहरी असते, असं कागदावर लिहिलं गेलं. एकदा बसमधून जाताना त्यानं ती बघितली होती. तिच्या सावलीत मुलं चेंडू खेळत होती. तेव्हाच दोन आणि दोन चार करता आले असते. पण कळत असलेली गोष्ट कळून न घेणं माणसाला फार सोपं जातं, विशेषतः बस चालू असेल तर. फेरमोजे तोवर निवृत्त झाले होते. निरोपाला त्यांना घड्याळ दिलं गेलं, आणि त्यांनी ते तिथल्या तिथं भिंतीवरच्या घड्याळाशी दोनदा ताडून बघितलं, यावर पुढं आठवडाभर कचेरी हसत होती. तोही हसला होता.

त्यानं डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "स्कॅन दोनदा का काढतात?" "माणूस हलला तर." "आणि?" "आणि मशीनवरच्या मुलीला काही खटकलं तर. आमची मुलगी फार तयारीची आहे. ती उगीच दुसऱ्यांदा काढत नाही." "म्हणजे बहुतेक वेळा..." "बहुतेक वेळा खटकलं म्हणूनच. का?" तो म्हणाला, "सांगतो." फोन ठेवला आणि त्याच क्षणी सकाळपासून कानात राहिलेला शब्द कुणाच्या आवाजातला होता ते त्याला कळलं. ताईच्या. "दोनदा आत घातलं रे मला. पाव कच्चा राहिला म्हणून परत भट्टीत ढकलावा तसं." हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली होती, आणि दोघंही हसले होते. त्याला अकरा महिने झाले होते. तिला खोकला होता, जाता जात नव्हता. हॉस्पिटल त्यानंच निवडलं होतं. तिथं आमचा प्रोग्राम आहे, डोळे झाकून चल, असं म्हणाला होता. रिपोर्ट स्वच्छ आला. तो कागद फडकवत तिच्या घरी गेला, "तुझं फुप्फुस माझ्यापेक्षा चांगलं आहे," म्हणाला. खोकला नंतर आपसूक गेला. आणि त्याच्याच पुढच्या महिन्यात ताईनं, त्रेसष्टाव्या वर्षी, आयुष्यात कधी घोट्याच्या वर पाण्यात न गेलेल्या ताईनं, पोहायला शिकायला नाव घातलं. फुप्फुस एवढं चांगलं आहे तर वापरते, म्हणाली.

ताई त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, म्हणजे ती पंधराची; तिनं केलेल्या गोष्टींचं ओझं वाटू नये म्हणून तो तिची थट्टा करत आला होता. थट्टेला एक कायमचा विषय होता. ताई कुलूप दोनदा ओढून बघायची. गॅस दोनदा. पुढं पोस्टात काउंटरवर बसायला लागली तर पार्सल दोनदा वजन करायची, रांग कुरकुरायची, आणि ती काट्याकडे बघत म्हणायची, "थांबा की, पळून जातंय का पोस्ट?" त्याला शाळेच्या फाटकात सोडून ती वळणापर्यंत जायची आणि हमखास परत यायची. गजांतून डोकं घालून म्हणायची, "आहेस ना रे?" पोरं फिदीफिदी हसायची. त्याला जमीन दुभंगावी असं व्हायचं. "आहे!" तो खेकसायचा. मग ती जायची. एवढं एक उत्तर घेऊन जायची. त्या वयात त्याला वाटायचं, मघाशी सोडलं तेव्हा होतो, तर आता कुठं जाणार आहे मी? पंधरा वर्षांच्या मुलीला आई सकाळी होती आणि दुपारी नव्हती हे माहीत होतं, आणि त्यालाही माहीत होतं, पण आईचं जाणं आणि ताईचं फाटकाशी परत येणं, या दोन्ही गोष्टी त्यानं शेजारी ठेवून कधी बघितल्या नव्हत्या. आता, बंद काचेच्या त्या थंड खोलीत, बघितल्या. डोळ्यांत पाणी यावं असं वाटलं आणि आलं नाही.

तो साहेबांकडे गेला. साहेबांच्या टेबलावर रबरी चेंडू असे, बोलताना ते तो दाबत. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "असे दोनदा काढलेले किती?" "तिथं प्रोग्राम बसवल्यापासून, चौदा महिन्यांत चारशे अकरा." चेंडू थांबला. "त्यातल्या निम्म्यांना काही नसणारच." "असेल तसंही." "मग चारशे अकरा घरांत धडकी भरवायची? कशासाठी? नियम काढून टाक, पुढचं नीट होईल. बाईंना सांग, कंडक्टरचं चित्र अडकलं होतं, सोडवलं." मग साहेब आवाज उतरवून म्हणाले, "मी तुझ्यासाठीच म्हणतोय. नियम कुणाचा, ते निघणारच. निवृत्तीला चार वर्षं राहिली तुझी. उगीच पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस." सांगण्यात खोट नव्हती, साहेब मनानं वाईट नव्हते. जागेवर परत येताना त्याला जाणवलं की आपण हो म्हणालेलो नाही आणि नाहीही म्हणालेलो नाही, आणि त्यामुळे खांदे जरा हलके झालेत. मनानं लगेच वाट काढली. ताईला म्हणायचं, वर्ष होत आलं, परत एकदा काढून टाकू. कुणाला काही सांगायला नको. ताईचं ताईपुरतं होईल. बाकीचे चारशे दहा हे आकडे होते, आणि आकड्यांशी त्याचं चांगलं जमायचं. फक्त त्यातला एक बस कंडक्टर आहे हे सकाळी कळून बसलं होतं. तो माणूस आत्ता कुठल्यातरी बसमध्ये दांड्याला टेकून सुटे पैसे मागत असणार.

ताईच्या रिपोर्टाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता, तिचा नंबर त्यावर होता. यादीत तो दोनशे अडतिसावा निघाला. मूळ चित्र साठवणीतून यायला चार मिनिटं लागली. तेवढ्यात त्यानं पाणी पिऊन घेतलं, पेला जागेवर ठेवला, तो सरळ केला. मग नववा नियम बंद करून चालवलं. डावं फुप्फुस, खालचा भाग. होता. पहिल्या स्कॅनमध्येही, मशीनवरच्या मुलीनं खटकलं म्हणून काढलेल्या दुसऱ्यातही. मशीनवरच्या मुलीनं काय केलं होतं, तर पेटी पुन्हा उघडली होती. त्यानं मोजलं: सात मिलिमीटर. सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून चालवलं, पुन्हा मोजलं. सात. तिसऱ्यांदा मोजताना तो श्वास रोखून बसला होता, आणि रोखल्याचं त्याला नंतर कळलं. सात. अठ्ठावीस वर्षांत कुठलीही गोष्ट तीनदा मोजण्याची त्याची ही पहिली वेळ. ठिपका म्हणजे काय, हे सांगणं त्याचं काम नव्हतं. जुना डाग असेल, काहीही असेल. आहे, एवढं मात्र त्याला सांगता येत होतं.

मग त्यानं चारशे अकरा जणांची यादी डॉक्टरीणबाईंना पाठवली आणि साहेबांनाही. ताईचा नंबर वर आणावा असं मनात येऊन गेलं. तो जिथं होता तिथंच राहू दिला. खाली लिहिलं: दोनदा काढलेली सगळी चित्रं परत वाचावी लागतील. नियम मी लिहिलेला आहे आणि तो उलटा आहे. दोन मिनिटांत बाईंचा फोन आला. "उद्यापासून रोज चाळीस वाचते," म्हणाल्या, कौतुक नाही, राग नाही. तो म्हणाला, "दोनशे अडतीस माझी बहीण आहे." थोडा वेळ नुसती बटणं दाबल्याचे आवाज. "दिसलं. उद्या नऊला घेऊन या. आत्ताच काही ठरवून टाकू नका." नंतर साहेबांचा फोन वाजत होता. तो त्यानं वाजू दिला, छत्री विसरला, आणि जिना उतरून पोहण्याच्या तलावाकडे चालायला लागला. पाच वाजले होते. ताईची वेळ साडेचार ते साडेपाच.

तलाव एका इमारतीच्या तळमजल्यावर होता. आत क्लोरीनचा वास, ओली फरशी, आणि प्रत्येक आवाज छताला आपटून दुप्पट होऊन येणारा. उथळ बाजूला पाच-सहा बायका होत्या. निळी टोपी घातलेली ताई त्याला ओळखूच आली नाही. तिनंच हात केला. "अरे! तू इकडे कुठं? थांब, बघच आता." मग शिकवणाऱ्या बाईंकडे वळून म्हणाली, "भाऊ आहे माझा, कॉम्प्युटरवाला." तिनं काठ सोडला. हात जरा जास्तच आपटत होते, मान ताठ होती, चेहऱ्यावर पोस्टाच्या काउंटरवरची तीच गंभीर मुद्रा. मधोमध पोहोचल्यावर ती क्षणभर खाली गेली, तो बाकावरून उठला, आणि ती वर आली. पलीकडचा काठ धरून, धापा टाकत, ओरडून म्हणाली, "बघितलंस? न टेकता!" "बघितलं." "नीट बघितलंस ना? थांब, परत येते." आणि ती परत आली. सबंध रुंदी, न टेकता. दुसऱ्या खेपेला हात जरा कमी आपटत होते.

ती टॉवेल गुंडाळून त्याच्या शेजारी येऊन बसली. केसांतून पाणी गळत होतं. चेहरा इतका खूश होता, की त्याला वाटलं, उद्या सांगू. उद्या नऊला सांगू. मग तो म्हणाला, "ताई, तुझ्या त्या स्कॅनमध्ये एक ठिपका आहे." ती टोपी पिळत होती. "तेव्हा नव्हता ना?" "तेव्हाही होता. रिपोर्टात आला नाही." "दुसऱ्या कुणाचा असेल. नंबर नीट बघितलास?" "बघितला." "परत बघ एकदा." "तीनदा बघितलंय, ताई." तिनं टोपी मांडीवर पसरली, घडी घातली, घडी मोडून परत घातली. पलीकडे कुणीतरी पाण्यात उडी मारली. "मग रिपोर्टात का नाही आला?" "पुसला गेला." "कुणी पुसला?" हा प्रश्न ती विचारणार हे त्याला माहीत होतं, आणि प्रोग्राम, खरखर, चौदा नियम असं सगळं त्यानं वाटेत जुळवून ठेवलं होतं. "मी," तो म्हणाला.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. खूप लहानपणी तो काहीतरी फोडून समोर उभा राहिला की ती आधी त्याच्या हातांकडे बघायची, कापलंय का म्हणून. तशी तिनं आत्ताही एकदा त्याच्या हातांकडे नजर टाकली. "उद्या नऊला जायचंय," तो म्हणाला. "मी येतो न्यायला." "हं." ती उठली. "कपडे बदलून येते. गार वाटतंय." ओल्या फरशीवर जपून पावलं टाकत ती बायकांच्या खोलीकडे गेली, दार ढकललं, आत गेली. दार मिटलं. तो बाकावर बसून राहिला. तिच्या पावलांचे ओले ठसे फरशीवर होते. तो ते मोजत होता, शेवटपर्यंत गेला आणि परत पहिल्यापासून मोजायला लागला. दार पुन्हा उघडलं. निळ्या टोपीविना, पांढरे केस कपाळाला चिकटलेले, ताईनं डोकं बाहेर काढलं.

"आहेस ना रे?"

"आहे," तो म्हणाला.